रॉड बदलताना : बंद टाकीतल्या एका वेल्डिंगचा प्रकरण अभ्यास

आर्क वेल्डिंगच्या कामाला एक ताल असतो. विजेच्या सलग ठिणगीने, म्हणजे आर्कने, धातूचा रॉड वितळवून जोड भरायचा. आर्क पेटली की एकसारखी चरचर, रॉड संपला की क्षणभर शांतता, मग जोडावरची खपली काढणाऱ्या चिपिंग हॅमरची टकटक, वायर ब्रशचे चार-सहा फटकारे आणि पुन्हा चरचर. टाकीच्या बाहेर, मॅनहोलपाशी बसलेल्या हेल्परला आतलं नीट दिसत नसलं तरी काम कुठवर आलंय ते कानांनी कळतं. त्या दुपारी चरचर थांबली आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. टकटक नाही, खोकला नाही, ‘रॉड दे’ नाही.

आतला वेल्डर वाचला. त्या कामाच्या परवान्यावर सही माझी होती. नंतरचे तीन आठवडे मी या एकाच प्रकरणामागे होतो. होल्डर, म्हणजे रॉड पकडायचा चिमटा, उघडून पाहिला, केबली मोजल्या, तीच मांडणी टाकीबाहेर पुन्हा करून मीटर लावले. जे हाती लागलं ते इथे सविस्तर मांडतोय, कारण अशी टाकी, असं मशीन आणि असा परवाना जिथे वेल्डिंग चालतं तिथे कुठेही सापडेल.

काम काय होतं

पाण्याची आडवी पोलादी टाकी. व्यास पावणेदोन मीटर, लांबी साडेतीन मीटर. तळाच्या जोडाला गळती लागली होती आणि ती जागा बाहेरून सॅडलच्या, म्हणजे टाकीखालच्या आधाराच्या, आड येत होती, म्हणून आतून वेल्ड मारायचं ठरलं. आत जायला 450 मिलिमीटरचं एकच मॅनहोल. पाणी काढून टाकलं होतं, तळ फडक्याने पुसला होता, तरी खोलगट भागात ओल होतीच. ऊन टाकीवर थेट पडत होतं. आत गेल्यावर दहा मिनिटांत शर्ट अंगाला चिकटत होता.

मशीन जुनं एसी ट्रान्सफॉर्मरचं, टाकीपासून 25 मीटरवर, भिंतीच्या पलीकडे. रॉड 3.15 मिलिमीटरचा, करंट 110 अँपिअरच्या आसपास. वेल्डरच्या हाताशी वीस वर्षांचा अनुभव. हेल्परला लागून दीड वर्ष झालं होतं.

काही गोष्टी आम्ही नीट केल्या होत्या, त्याही सांगायला हव्यात. टाकीला येणाऱ्या-जाणाऱ्या लाइन बंद करून कुलूप लावलं होतं. आतली हवा मोजली होती, ऑक्सिजन 20.9 टक्के होता. धूर काढायला लवचीक पाइपचा पंखा लावला होता. सकाळी एकाने विचारलं, “आत फार उकडतंय, कटिंगच्या सिलिंडरमधला थोडा ऑक्सिजन सोडू का?” त्याला तिथल्या तिथे थांबवलं. हा प्रश्न अजूनही विचारला जातो, म्हणून थांबून सांगतो. हवेत ऑक्सिजन थोडा जरी वाढला तरी अंगावरचा सुती शर्टसुद्धा एका ठिणगीने पेट घेतो आणि विझवता विझत नाही. बंद जागेत हवा हवी तर हवाच द्यायची, ऑक्सिजन कधीच नाही.

आग आणि गॅस यांची काळजी आमच्या अंगवळणी पडली होती. परवान्याचा फॉर्मही त्याच दोन धोक्यांभोवती बांधलेला होता. विजेसाठी त्यात एकच रकाना होता, त्याकडे पुढे येतो.

ते काही सेकंद

वेल्डर गुडघ्यांवर, डावी बाजू टाकीच्या भिंतीला टेकवून काम करत होता. अशा गोल टाकीत दुसरं काही करताच येत नाही. जागाच अशी असते की अंग कुठे ना कुठे पोलादाला लागतं. डाव्या हाताचा ग्लोव्ह त्याने काढून बाजूला ठेवला होता. तो घामाने इतका भिजला होता की त्यातून बारीक रॉड धरला की निसटत होता. उजव्या हातात ग्लोव्ह होता आणि होल्डर होता. रॉड संपला. उरलेला तुकडा त्याने झटकून टाकला, डाव्या हाताने नवा रॉड उचलला, त्याचं उघडं टोक होल्डरच्या जबड्यात सरकवायला गेला आणि दोन बोटं जबड्याच्या धातूला लागली.

त्याने नंतर सांगितलं, “ओरडायचं होतं, पण छातीतून आवाजच निघेना. हात माझा राहिलाच नव्हता.”

हेल्परने मॅनहोलमधून डोकावून हाक मारली, “दादा?” उत्तर नाही. दादा भिंतीला टेकून ताठ झालेला, डोळे उघडे. पोराने आत हात घातला तेवढ्यात मी तिथे पोहोचत होतो. मी ओरडलो, “हात लावू नकोस! मशीन बंद कर!” पण मशीन 25 मीटर लांब, भिंतीपलीकडे. हेल्परच्या डोक्यात काय आलं देव जाणे, त्याने मॅनहोलमधून आत गेलेली वेल्डिंगची केबल दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या ताकदीने ओढली. उजव्या हातावर ग्लोव्ह होता, तो हात आखडलेला नव्हता. होल्डर त्यातून सुटला, डाव्या बोटांपासून दूर झाला आणि वेल्डर खाली कोसळला.

किती सेकंद गेले ते कुणीच मोजलं नाही. मला विचाराल तर चार-पाच. जास्त असते तर हे लिखाण वेगळं असतं.

केबलचं इन्सुलेशन त्या जागी शाबूत होतं, म्हणून पोराला काही झालं नाही. हा नशिबाचा भाग आहे आणि त्यावर विसंबता येत नाही. शॉक लागलेल्या माणसाला सोडवायचं तर आधी वीज तोडायची, ते जमत नसेल तरच कोरड्या, वीज न वाहणाऱ्या वस्तूने दूर करायचं. मशीनचं बटण मात्र हाताच्या अंतरावर नव्हतं आणि ही चूक हेल्परची नव्हे, आमच्या मांडणीची होती.

वेल्डर शुद्धीवर होता. श्वास चालू होता. डाव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरट, खोलगट डाग पडले होते, डाव्या खांद्यामागे लालसर चट्टा. “मी बरा आहे, पाणी द्या,” असं म्हणत होता. तरी त्याला हॉस्पिटलमध्ये नेऊन ईसीजी काढला आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. हातातून शिरून छातीतून गेलेल्या करंटने हृदयाची लय बिघडू शकते आणि माणूस बोलतोय एवढ्यावरून ती ठीक आहे असं धरता येत नाही.

तो बेशुद्ध असता तर काय केलं असतं, हा प्रश्न मला आजही छळतो. छातीवर दाब द्यायला, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, माणूस कडक सपाट जागेवर उताणा हवा. त्या गोल टाकीत, अरुंद मॅनहोलच्या आत ते होणं कठीण. त्याला बाहेर ओढायला अंगात हार्नेस नव्हता, मॅनहोलवर कप्पी नव्हती. शरीर सैल पडलेला माणूस अर्ध्या मीटरहून लहान भोकातून नुसत्या हातांनी काढून पाहा, म्हणजे कळेल.

74 व्होल्ट

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न साऱ्यांच्या तोंडी एकच होता. वेल्डिंगच्या करंटने इतकं होतंच कसं? तो तर कमी व्होल्टचा असतो.

हा समज इतका पक्का आहे की आधी तोच मोजायला घेतला. मशीन चालू, होल्डर मोकळा, रॉड नाही. होल्डर आणि जॉब, म्हणजे ज्यावर वेल्ड मारायचं ते लोखंड, यांच्यामध्ये मीटरने 74 व्होल्ट दाखवले. मग आर्क पेटवून मोजलं, तेव्हा 25 व्होल्ट. म्हणजे लख्ख उजेड, ठिणग्या, धूर असं सगळं भयंकर दिसत असतं तेव्हा होल्डरवर 25 व्होल्ट असतात आणि आर्क विझून सगळं शांत झालं, माणूस निवांतपणे रॉड बदलायला लागला की तिप्पट होतात. वेल्डिंगचा शॉक बहुतेक वेळा वेल्डिंग करताना बसत नाही, वेल्डिंग थांबलेलं असताना बसतो.

यात मशीनचा दोष नाही. आर्क पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, पेटलेली टिकायला कमी लागतं. साध्या ट्रान्सफॉर्मरला पुढचा माणूस रॉड टेकवणार आहे की बोट, हे कळायचा मार्ग नाही. त्यामुळे चालू असेपर्यंत तो पूर्ण व्होल्टेज होल्डरवर ठेवून तयार उभा असतो.

आता 74 व्होल्ट शरीराला काय करतात ते पाहू. कोरड्या, जाड कातडीचा रोध काही हजार ओहमपासून लाखापर्यंत असू शकतो. त्यामुळे कोरड्या दिवशी, मोकळ्या जागेत होल्डरला बोट लागलं तर नुसती झिणझिणी येते. त्यातूनच ‘काही होत नाही’ हा धीर आलेला असतो. पण कातडी घामाने भिजली, खांदा-गुडघे ओल्या पोलादाला टेकले की रोध 1000 ओहमच्या घरात येतो. 74 ला 1000 ने भागा. 74 मिलिअँपिअर. एसी करंट साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे गेला की स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. 20-30 च्या पुढे छातीचे स्नायू धरले जातात, श्वास अडतो, आवाज फुटत नाही. 50 च्या पुढे तो सेकंदभर किंवा जास्त वाहिला तर हृदयाचे ठोके विस्कटून थरथर सुरू होण्याचा धोका असतो. डाव्या हातातून शिरून खांद्याने बाहेर पडलेला करंट छातीच्या वरच्या अंगाने गेला. ‘छातीतून आवाजच निघेना’ याचा अर्थ या आकड्यांत आहे.

“ग्लोव्ह घातला असता तर वाचला असता,” असं पुष्कळांनी म्हटलं. टाकीत पडलेला तो डावा ग्लोव्ह मी आणून मोजला. घामाने चिंब. मीटरने काही हजार ओहम दाखवले. तोच ग्लोव्ह दोन दिवस वाळवून मोजला तेव्हा मीटरची पट्टी संपली, आकडाच येईना. म्हणजे भिजलेल्या ग्लोव्हने झटका थोडा सौम्य झाला असता, अडला नसता. चामड्याचे ग्लोव्ह उष्णतेपासून वाचवायला असतात. विजेपासून ते कोरडे असेपर्यंतच वाचवतात. त्या दिवशी वेल्डरकडे एकच जोड होता. दुसरा कोरडा जोड मागायची पद्धत नव्हती आणि आम्ही द्यायचीही नव्हती.

मग होल्डर. त्याच्या जबड्यावर इन्सुलेटरचे दोन कप्पे असतात, त्यातला वरचा अर्धा तुटलेला होता आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. ती उष्णतेने कडक होऊन सोलली होती. आत पितळ उघडं दिसत होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. शॉक बसला तो त्या नखाएवढ्या जागेतून. कप्पा तुटला कसा याचं उत्तर स्टोअरमधले इतर होल्डर पाहताना मिळालं. पाचांपैकी तीन तसेच. चिकटलेला रॉड सोडवायला होल्डर जॉबवर आपटायचा आणि तापला की पाण्याच्या बादलीत बुडवायचा, या दोन सवयी. बुडवल्याने गरम कप्प्याला तडे जातात आणि आत पाणी राहतं ते वेगळंच. होल्डर पुन:पुन्हा तापत असेल तर तो लहान मापाचा आहे किंवा केबलचा जोड सैल आहे. ते दुरुस्त करायचं, होल्डरला आंघोळ घालायची नाही.

अर्थिंग म्हणायची ती केबल

खरं तर मला हादरवलं ते ग्राइंडरच्या वायरने.

टाकीत एक जुना, धातूच्या बॉडीचा हँड ग्राइंडर होता, जोड घासायला. तो वेल्डरच्या पायापाशी टाकीच्या तळावर पडलेला होता. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढला तेव्हा त्याची केबल प्लगजवळ ताठ लागली, हाताला वळेना. वरचं रबर सोललं. आत तीन वायरी होत्या. फेज आणि न्यूट्रल नव्यासारख्या. हिरवी मात्र तपकिरी पडली होती, तिचं इन्सुलेशन कडक होऊन बोटाने मोडत होतं. ग्राइंडर जळालेला नव्हता, लावला तर चालत होता. मग अर्थची वायर भाजली कशाने?

वेल्डिंग मशीनमधून दोन केबली निघतात. एक होल्डरला जाते, दुसरी क्लॅम्प लावून जॉबला. या दुसरीला आम्ही सगळे ‘अर्थिंग’ म्हणतो. शॉपमध्ये विचारा, दहापैकी दहा जण हेच नाव सांगतील. पण ती अर्थिंग नाहीच. होल्डरमधून गेलेला सगळा करंट मशीनला परत नेणारी ती वाट आहे, त्यातून 110 अँपिअर वाहतात. अर्थिंगच्या वायरीतून मात्र एरवी काहीच वाहायला नको, बिघाड झाला तरच तिने काम करायचं. दोन्हींचं काम नेमकं उलट आणि नाव एकच. नाव ‘अर्थिंग’ म्हटल्यावर डोकं म्हणतं, अर्थ कुठेही मिळतो, जवळच्या लोखंडाला लाव.

तेच झालं होतं. केबल टाकीपर्यंत पुरत नव्हती, म्हणून क्लॅम्प शेडच्या खांबाला लावला होता. टाकीला जोडलेला एक पाइप त्या खांबावर टेकला होता, त्या वाटेने करंट परत यायचा. जोड गंजलेला, त्यामुळे आर्क नीट धरत नव्हती आणि वेल्डरने सकाळीच करंट वाढवून घेतला होता. पाइपची वाट अडखळती असल्यामुळे करंटने दुसरी वाट शोधली. टाकीचं पोलाद, त्यावर पडलेल्या ग्राइंडरची बॉडी, ग्राइंडरची हिरवी वायर, इमारतीची अर्थिंग, शेडचा खांब, क्लॅम्प.

खात्री करायला तीच मांडणी बाहेर केली. ग्राइंडर बंद ठेवून त्याच्या अख्ख्या केबलभोवती क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर, लावला. बंद ग्राइंडरच्या केबलवर शून्य दिसायला हवं. आर्क पेटवली आणि मीटरवर 38 अँपिअर आले. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून, जिच्यातून कधीच काही जायला नको होतं.

ही वायर जळून तुटली असती तरी ग्राइंडर चालतच राहिला असता. पुढे कधी आतली फेज बॉडीला लागली असती, तर ज्याच्या हातात तो असता त्याला अडवायला अर्थ उरलीच नसती. आज एकाने लावलेला क्लॅम्प महिन्याभराने दुसऱ्याच्या जीवावर बेततो, तो असा. हीच वाट क्रेनच्या वायर रोपमधून, साखळीतून किंवा बेअरिंगमधून गेली तर ती आतून पोळतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता आमच्याकडे ‘अर्थिंग केबल’ हा शब्द बंद आहे. ‘परतीची केबल’ म्हणतो. पहिले काही दिवस लोक अडखळले, विसरले, पुन्हा जुनंच नाव घेतलं. तरी मी हटून बसलो. नाव बदलल्यावर क्लॅम्प कुठे लावायचा हे निराळं शिकवावं लागत नाही, परतीची वाट जॉबवरूनच निघते हे आपसूक कळतं. नियम एवढाच की क्लॅम्प वेल्डच्या जितका जवळ लावता येईल तितका, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर आणि केबल पुरत नसेल तर काम थांबवून लांब केबल आणायची.

परवान्यावरची बरोबर उत्तरं

परवान्यात विजेचा एकच रकाना होता, असं वर म्हटलं. तो असा : ‘ईएलसीबी बसवलेला व चालू आहे का?’ ईएलसीबी म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच. त्या रकान्यापुढे मी ‘हो’ लिहिलं होतं. खोटं नव्हतं. सकाळी टेस्टचं बटण दाबून पाहिलं होतं, खटकन पडला होता. अपघातानंतर पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. मग माणूस चिकटला तेव्हा तो का पडला नाही?

कारण त्याला काही कळलंच नाही. ईएलसीबी त्याच्यातून जाणारा आणि परत येणारा करंट जुळतो का, एवढंच पाहतो. गेलेल्यातला थोडा कुणाच्या अंगातून जमिनीत उतरला तर हिशोब चुकतो आणि तो पडतो. पण वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींपासून वेगळ्या असतात. मुख्य पुरवठ्याच्या बाजूचा हिशोब तिथेच पूर्ण होतो. पलीकडच्या बाजूला होल्डरमधून निघालेला करंट रॉडमधून जावो की माणसातून, तो परतीच्या केबलने त्याच गुंडाळीत येतो. ईएलसीबीच्या दृष्टीने सगळं जुळलेलं असतं. मशीनची मुख्य बाजू, प्लग, पुरवठ्याची केबल यांतल्या बिघाडासाठी तो हवाच, काढून टाकायचा विचारही करू नये. होल्डरच्या बाजूच्या शॉकपासून मात्र तो वाचवू शकत नाही.

मी वर्षानुवर्षं ‘हो’ लिहीत आलो आणि वेल्डर त्या ‘हो’च्या भरवशावर आत जात राहिला, हे मला फार लागलं.

आणखी एक गोष्ट फॉर्ममध्ये नव्हती. हेल्परशी निवांत बोलताना तो म्हणाला, “सकाळपासून दादांनी दोनदा हात झटकला होता. मी विचारलं तर म्हणाले, मुंग्या आल्या, काही नाही.” सकाळी कातडी तेवढी ओली नव्हती, एवढाच फरक. होल्डर तोच, उघडं पितळ तेच. वेल्डिंगच्या कामात झिणझिणी ही इतकी रोजची गोष्ट आहे की ती सांगायची असते हेच कुणाच्या मनात येत नाही. झिणझिणी आली की काम थांबवून होल्डर, केबल, ग्लोव्ह बघायचे, हा आमच्याकडे आता पक्का नियम आहे आणि ती कुणी सांगितली तर त्याचे आभार मानून वहीत लिहितो. पहिल्या महिन्यात अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात वेळा होल्डर बदलावा लागला.

हेल्परचे डोळे

त्या गडबडीत हेल्परकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रात्री दीडच्या सुमारास त्याच्या घरून फोन आला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही.

आर्क लागली होती. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो आणि दुखणं लगेच सुरू न होता बहुधा सहा ते बारा तासांनी होतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ते बरं होतं, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण वाळूची तीच भावना खरोखरच्या कणानेही होते. अशा वेळी लोक घरगुती काहीबाही डोळ्यात घालतात किंवा सुन्न करणारे थेंब मिळवून पुन:पुन्हा टाकतात. दोन्ही वाईट. सुन्न डोळ्याला इजा कळत नाही आणि जखम भरायला उशीर होतो.

पोराने आर्ककडे थेट पाहिलं नव्हतं, असं तो शपथेवर सांगत होता. मला ते पटतं. टाकीच्या आतल्या भिंतीवरून किरण परावर्तित होतात आणि मॅनहोल म्हणजे त्यांच्यासाठी खिडकीच. पहारा द्यायचा तर दर दोन मिनिटांनी आत डोकावायला हवं आणि डोकावलं की डोळे भाजणार. त्याला आम्ही साध्या पारदर्शक गॉगलशिवाय काही दिलं नव्हतं. वेल्डरच्या हेल्मेटला त्या करंटसाठी 10-11 नंबरची काच असते, पण पहारेकऱ्याला ती लावून बसवलं तर आर्क विझल्यावर त्याला आतलं काहीच दिसणार नाही. आता त्याला आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट दिलंय. आर्क पेटली की ती गडद होते, विझली की आतला माणूस दिसतो. शिवाय लांब बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं, कारण कातडीही तशीच भाजते.

काय बदललं

बंद, ओल्या किंवा अंग टेकवावं लागेल अशा जागेत जुनं एसी मशीन न्यायचं नाही, हे पहिलं. अशा जागांसाठी चालणाऱ्या मशीनवर चौकोनात ‘एस’ हे अक्षर असतं. तिथे एसीचं मोकळं, म्हणजे आर्क नसतानाचं, व्होल्टेज 48 च्या वर जाऊ देत नाहीत. आम्ही डीसी इन्व्हर्टर घेतला. तितक्याच डीसीने हृदयाची थरथर सुरू होण्याचा धोका एसीपेक्षा बराच कमी असतो. त्यात व्होल्टेज कमी करणारी सोय असलेलं मशीन निवडलं. आर्क थांबली की ते क्षणार्धात होल्डरवरचं व्होल्टेज खाली आणतं आणि रॉड धातूला टेकल्याशिवाय वर नेत नाही. ओलं शरीर टेकलं तरी त्याचा रोध धातूपेक्षा खूप जास्त, म्हणून ते खालीच राहतं.

वेल्डरांना हे मशीन आधी आवडलं नाही. आर्क पटकन धरत नाही, दोनदा ओरखडावं लागतं, अशी तक्रार. ती खरी आहे. अशा तक्रारीतून ती सोय गुपचूप बंद करून ठेवण्याचे प्रकार होतात, म्हणून वाद न घालता आम्ही एक दिवस सरावाला दिला. रॉडचं टोक स्वच्छ, रॉड कोरडा आणि परतीचा क्लॅम्प घासलेल्या धातूवर असेल तर ती बहुतेक पहिल्या ओरखड्यात धरते, हे त्यांनीच शोधून काढलं.

तुटलेले होल्डर मी स्वतः कापून भंगारात टाकले, नाहीतर ते परत येतात. वेल्डरसोबत ग्लोव्हचे तीन जोड आत जातात, एक हातात, दोन कोरड्या पिशवीत. गुडघ्यांखाली आणि पाठीमागे जाड रबराची चटई. अंगात हार्नेस, मॅनहोलवर तिपाई आणि कप्पी. ती वापरून सरावात एका माणसाला बाहेर काढायला पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली. आता तीन लागतात. मला ती अजूनही जास्त वाटतात.

आणि मशीन बंद करायचं बटण हेल्परच्या हातात, लांब केबलवर. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, रॉड आणायलासुद्धा पाठवायचं नाही.

पाच आठवड्यांनी वेल्डर कामावर परतला. त्याला दुसरं काम देत होतो, पण त्या टाकीचा अर्धा राहिलेला जोड त्याने मागून घेतला. हेल्पर तोच. मी मॅनहोलपासून दोन पावलांवर उभा होतो. चरचर थांबली. आतून आवाज आला, “बंद.” पोराने बटण दाबलं, मीटरवर शून्य बघितलं आणि म्हणाला, “बंद आहे, दादा.” मग थोडी शांतता. त्या शांततेत मी श्वास धरून होतो. “चालू कर.” “चालू.” आणि आतून पुन्हा चरचर सुरू झाली.